खांबालेच लागली

१

गाडी ठोकली की माणूस आधी दुसऱ्याचं नाव घेतो. कुत्रं आडवं आलं, खड्डा दिसला नाही, समोरचा डोळे मिटून येत होता. विमा कंपनीसाठी गाड्यांचं नुकसान तपासायचं काम मी केस काळे होते तेव्हापासून करते आहे आणि या सगळ्या कहाण्या मला पाठ आहेत. पण 'चूक माझीच' असं पहिल्याच वाक्यात म्हणणारा ड्रायव्हर मला धरमपेठेत खानझोड्यांच्या दारात भेटला, आणि तिथेच मनात पाल चुकचुकली.

क्लेम तसा किरकोळ होता. समोरचा डावा दिवा फुटलेला, बंपरची डावी बाजू आत गेलेली, वरचा पत्रा थोडा चेपलेला. अर्जात कारण दिलं होतं की रविवारी संध्याकाळी घराच्या फाटकातून गाडी आत घेताना चालक अंकुश रामटेके याने डावीकडच्या खांबाला धडक दिली. खाली गाडीमालक मुकुंदराव खानझोडे यांची ठसठशीत सही होती. चालकाच्या सहीची जागा कोरी होती. असले क्लेम मी चहा थंड व्हायच्या आत उरकते.

गल्लीत संत्र्यांचा हातठेला उभा होता आणि माझी मोपेड लावायला जागा नव्हती. फाटकातून एक तिशीचा सडपातळ माणूस धावत आला आणि हातवारे करत मला रस्ता दाखवू लागला.

"दाबा मॅडम, डाव्या अंगानं दाबा. अजून दाबा. हां, आता राहू द्या."

मी मोपेड भिंतीला अगदी खेटून लावली. त्याच्या खिशावर निळ्या अशोकचक्राची पिन होती. माझ्या हातातल्या मोपेडच्या किल्लीला तसंच चक्र आहे, ते त्यानं पाहिलं.

"जयभीम मॅडम."

"जयभीम. तुम्हीच अंकुश काय? मी सरिता गजभिये, विम्याकडून आली. कसं झालं सांगा."

"चूक माहीच आहे मॅडम. माह्या तोंडून झालं."

मी वहीत लिहिलं : चालकाच्या हातून चूक झाल्याचं चालक स्वतः मान्य करतो. मग फाटकाच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"या खांबाले लागली?"

अंकुशनं खिशातून फडकं काढलं आणि नसलेली धूळ पुसायला लागला. "सायबांनी इचारलं मले, खांबाले लागली काय. मी म्हटलं हो, खांबालेच लागली."

"मग इथं सही करा."

"हात काळे आहेत मॅडम. मंग करतो."

हात स्वच्छ होते. खांबाजवळ जाऊन वाकून पाहिलं. त्याला करड्या दगडाची फरशी बसवलेली होती आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर कोळ्यानं जाळं विणलं होतं. जुनं, धूळ बसलेलं, अख्खं जाळं. मग मी गाडीपाशी आले आणि बंपरच्या खरचट्यात नख घातलं. नखाला रंग लागला.

पिवळा. आणि त्याच्या शेजारी काळा.

२

मुकुंदराव खानझोडे महसूल खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. घरात बसूनही काळा चष्मा लावलेला. ऑक्टोबर आला तरी खिडकीतला कुलर काढला नव्हता आणि त्याच्या घरघरीवर मात करायला ते भाषण दिल्यासारखं बोलत होते.

"बाई, यात तपासण्यासारखं काय आहे? ड्रायव्हरनं ठोकली, त्यानं कबूल केलं. मामला संपला."

"खांब पाहिलात तुम्ही?"

"खांब मी स्वतः बांधून घेतलाय. तो काय पाहायचा?" त्यांनी चष्मा काढून डोळे टिपले. डोळे लाल होते. "डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत माझ्या. डॉक्टरांनी गाडी बंद केली, म्हणून तर हा अंकुश ठेवला. चांगला होता. म्हणजे, तोवर चांगला होता."

"आता काढणार?"

"तो स्वतःच जाणार होता. एका हॉस्पिटलात ऍम्ब्युलन्सवर जागा लागतेय त्याची. ते माझ्याकडून पत्र मागतात की माझ्याकडे असताना याच्याकडून अपघात झाला नाही. गेल्या आठवड्यात मी आनंदानं दिलं असतं. आता कसं देऊ? नोकरीभर मी खोट्या कागदावर सही केली नाही. तुमचा रिपोर्ट आला की तोच पाठवून देतो. त्यांचं ते पाहतील."

म्हणजे माझ्या रिपोर्टातल्या एका ओळीवर त्या माणसाची नोकरी लटकली होती. आणि तो माणूस बाहेर उभा राहून 'चूक माहीच' म्हणत होता. दिवा बदलता येतो, पत्रा ठोकून सरळ होतो. रुग्ण नेणाऱ्या गाडीवर एकदा नाव नाकारलं गेलं की पुन्हा कोण बोलावतं?

मी उठणार तेवढ्यात मुकुंदराव पुन्हा बोलले, या वेळी हळू आवाजात. "आणि हे पाहा, ऋषीला यात ओढू नका. माझा मुलगा रविवारी दुपारभर घरात नव्हता."

मी ऋषीचं नावही घेतलं नव्हतं.

पडद्यामागून चहा घेऊन सुहासिनीबाई आल्या. मुकुंदरावांची बायको, साठी ओलांडलेली, ठेंगणी, नीटनेटकी. इतकी वर्षं नागपुरात काढूनही बोलणं पुण्याचंच राहिलेलं. चहाबरोबर चकली, चकलीबरोबर वडी. घरच्या बाईनं इतका पाहुणचार केला की मी आपली जागा विसरत नाही, उलट जास्त सावध होते.

"अंकुश चांगला मुलगा आहे हो," त्या म्हणाल्या. "त्याचं बोलणं मला अजून निम्मंच कळतं, पण मनानं सोनं आहे." मग पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत त्यांनी विचारलं, "या क्लेममुळे कुणाचं नुकसान तर होत नाही ना?"

मी वडी खात होते. "होतं ना काकू. कंपनीचं," मी हसून म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला स्पष्ट दिसला. तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही, एवढंच.

बाहेर आले तर माझ्या मोपेडला टेकून ऋषी खानझोडे उभा होता. बापाचं नाक, आईची उंची, हातात दोन मोबाईल.

"मॅडम, क्लेम मागे घेता येतो ना? मी माझ्या खर्चानं दुरुस्त करतो. विषयच नको."

"काहून? पॉलिसी आहे, हप्ते भरून राहिले आहात तुम्ही."

तो इकडेतिकडे पाहायला लागला. कपाळावर घाम होता, आणि तो उन्हाचा नव्हता.

"खरं सांगा," तो म्हणाला, "तुमच्याकडे कुणा ऑटोवाल्याची तक्रार आली आहे का?"

३

पिवळा आणि काळा. शहरात कुणालाही विचारा, हे दोन रंग एकत्र कुठे दिसतात, तो ऑटोचंच नाव घेईल. म्हणजे ऋषीनंही तो खरचटा पाहिला होता आणि माझ्याच वाटेनं विचार केला होता. कुणीतरी ऑटो उडवला, तसाच टाकून घरी पळून आला, आणि आता ड्रायव्हरच्या गळ्यात धोंड बांधली जात होती. ऑटोवाला कुठल्या वॉर्डात पडला असेल, कोण जाणे. संताप आला मला. मोठ्या घरच्या गाड्या नेहमी ड्रायव्हरच ठोकतात, हे मी फार वर्षांपासून पाहते आहे.

पण संताप हा पुरावा नव्हे. जरीपटक्याला घरी आले, हातपाय धुतले आणि खरचट्यातून काढून आणलेला चुरा पांढऱ्या ताटलीत पसरून उन्हात धरला. पिवळ्या रंगाच्या पापुद्र्याला मागून राखाडी पूड चिकटली होती. चिमटीत धरून चोळली तर खरखरीत लागली. सिमेंट.

ऑटो पत्र्याचा असतो. पत्र्यावर घासलं तर पत्रा चेपतो, सिमेंट निघत नाही. म्हणजे गाडी खांबालाच लागली होती. फक्त घरच्या खांबाला नव्हे.

आणखी एक गोष्ट होती. समोरच्या नंबर प्लेटच्या मागे कागदाचा एक कपटा अडकलेला सापडला होता, पांढरा, काठाशी लाल. मागच्या काचेवरही चिकटपट्टीच्या चार खुणा होत्या. दसऱ्याला गाडीवर कायकाय चिकटवतात लोक, म्हणून मी ते बाजूला ठेवलं होतं. तो कपटाही मी त्या चुऱ्याच्या शेजारी ठेवला आणि बराच वेळ पाहत बसले. काही उमगलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऋषीला त्याच्या ऑफिसखाली गाठलं. दोघांच्या मध्ये तर्रीपोह्याच्या प्लेटा होत्या आणि त्यानं आपल्या प्लेटला हात लावला नव्हता.

"ऑटोचं विसरा," मी म्हटलं. "कोणीच जखमी नाही. आता सांगा, कोणाले वाचवून राहिले तुम्ही?"

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की मला त्याची दया आली. "बाबांना. रविवारी संध्याकाळी घरी आलो तर बाबा एकटेच गाडीपाशी उभे. फुटलेल्या दिव्यावर हात फिरवत होते. बोनेट अजून गरम होतं. मला वाटलं डॉक्टरांनी मनाई केली तरी यांनी गाडी काढली, कुठेतरी धडकवली आणि अंकुशला पुढे केलं."

"आणि ते माह्याजवळ सांगतात, ऋषीले ओढू नका."

ऋषी आधी चक्रावला, मग हसायलाच लागला. बाप मुलावर संशय घेऊन त्याला लपवत होता आणि मुलगा बापावर संशय घेऊन त्यांना. मुकुंदराव त्या गाडीवर हात फिरवत होते, कारण डोळ्यांनी त्यांना काय फुटलंय ते नीट दिसत नव्हतं. म्हणूनच त्यांना खांबावरचं अख्खं जाळंही दिसलं नव्हतं.

"मग गाडी होती कुठं दुपारभर?"

"आईबरोबर. रविवारी ती भजनाला जाते ना. अंकुश नेतो, अंकुश आणतो. ती आल्यावर बाबांनी गाडी काढली असेल, असं मला वाटलं."

"कुठं असते भजन?"

"वाडीला. अंकुश राहतो तिथेच कुठेतरी, यमुताई म्हणून कुणी आहेत म्हणते." तो बोलता बोलता थांबला. "आता तुम्ही विचारलं म्हणून आठवलं. आई देवाला हात जोडते, पण भजन म्हणताना मी तिला जन्मात ऐकलं नाही."

४

वाडीत अमरावती रोडच्या कडेला गोदामांच्या रांगा आहेत. आठवडाभर ट्रकांची ये-जा, धूळ आणि हॉर्न. रविवारी मात्र पटांगणं ओस पडतात, कारण माल चढत-उतरत नाही. अंकुशची भाड्याची खोली अशाच एका गोदामाच्या मागे होती. खोलीला कुलूप होतं. गोदामाच्या तोंडाशी मात्र सिमेंटचे खांब होते, ट्रकवाल्यांना दिसावेत म्हणून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांनी रंगवलेले. डावीकडच्या खांबाचा बंपरच्या उंचीवरचा टवका उडाला होता.

तिथला चौकीदार बळीराम बाजेवर बसून बिडी ओढत होता.

"काका, इथं यमुताई कोण? भजनवाल्या."

"यमुताई?" त्यानं मान हलवली. "इथं नाही कोणी यमुताई."

"रविवारी इथं एक पांढरी गाडी येते. कोण चालवते?"

त्यानं बिडी विझवली. "मी कायले सांगू? अंकुशले इचारा. पोरगा मरून जाईन, पण खोटं नाही बोलणार."

तेवढ्यात एक भरलेला ट्रक पटांगणात शिरला आणि बळीराम उठून त्याच्यापुढे धावला. एका हातानं हवा ढकलत तो ओरडत होता, "दाब! दाब! अजून दाब!"

ट्रकनं वेग घेतला नाही. ट्रक हळूच डावीकडे सरकला आणि खांबाच्या बाजूनं जाऊन उभा राहिला.

मी जागची हलले नाही. परवा माझ्या मोपेडला हेच सांगितलं होतं अंकुशनं. डाव्या अंगानं दाबा, अजून दाबा. आणि मी न विचारता भिंतीला खेटले होते, कारण मी नागपूरच्या रस्त्यांवर घडलेली बाई आहे. आमच्यात दाबा म्हणजे त्या बाजूला सरका. पण जिच्या पायाखाली नुकतीच तीन पेडलं आली आहेत, जिला अंकुशचं बोलणं निम्मंच कळतं, तिला 'दाबा' म्हटलं तर ती काय करेल? ती दाबेल. जे पायाखाली असेल ते.

मी पर्समधून तो कपटा काढला. पांढरा, काठाशी लाल. पांढऱ्या कागदावरच्या लाल अक्षराचं टोक होतं ते. शिकाऊ चालकाच्या गाडीला पुढे आणि मागे लावतात तो एल.

मग वही उघडली. तिथे माझ्याच अक्षरात होतं, 'चालकाच्या हातून चूक झाल्याचं चालक स्वतः मान्य करतो.' पण अंकुश हातून म्हणालाच नव्हता. तोंडून म्हणाला होता, आणि मी शहाणीनं ते दुरुस्त करून लिहिलं होतं.

"मॅडम."

मागे वळले तर अंकुश उभा होता.

५

त्यानं कुलूप काढलं आणि आम्ही त्याच्या खोलीच्या पायरीवर बसलो. आत भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि खाली बुद्धाची लहान मूर्ती दिसत होती.

"अंकुशभाऊ, रोज वंदना म्हणता?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मंग चौथं शील म्हणताना गेल्या आठवड्यात अडखळले असाल. खोटं बोलणार नाही म्हणून."

तो खाली पाहून बोलला. "एकबी खोटं नाही बोललो मॅडम. चूक माही. खांबाले लागली. माह्या तोंडून झालं. सहीबी नाही केली त्या कागदावर."

"तेच तर. कोणत्या खांबाले, हे कोणी विचारलंच नाही तुमाले. सायबांनी आपल्या मनानं फाटकाचा खांब लिहून टाकला, अन् तुम्ही गप्प राहिले."

"काकूले शब्द देल्ला होता. सायबाले एवढ्यात सांगू नको म्हणत होत्या. त्यायले धक्का द्यायचा होता." त्याला पहिल्यांदा हसू आलं. "लई मन लावून शिकून राहिल्या होत्या. त्या दिवशी भरात आलो मी. म्हटलं काकू, दाबा, खांब आला. म्हणजे मले म्हणायचं होतं, खांबाच्या बाजूनं काढा. त्यायनं जोरात दाबलं. त्यायची काय चूक? शिकवणाऱ्यानं तोंड सांभाळून वापरावं."

"काकूले माहीत आहे, तुमचं पत्र अडलं ते?"

"नाही. अन् तुम्हीबी सांगू नका. दुसरी नोकरी भेटन."

"नाही भेटणार," मी म्हटलं, जरा जास्तच कडक आवाजात. "तुमच्या चांगुलपणाचा मले राग येऊन राहिला आहे. पंचशील पाळता, ठीक आहे. पण खरं अर्धंच सांगितलं की लोक उरलेलं अर्धं आपल्या मनानं भरतात. मीच भरलं ना वहीत."

काकूंना सांगणार नाही, असा शब्द मी दिला नाही. पायरीवरून उठताना मला एवढंच कळलं होतं की या क्लेमचं काय करायचं ते आता माझ्या हातात आहे. आहे तसा पास केला तर कंपनीला फरक पडत नव्हता आणि अंकुश संपत होता. खोटी माहिती म्हणून नाकारला तर मुकुंदराव अंकुशलाच धारेवर धरणार. आणि त्याचं गुपित मी चारचौघांत फोडलं, तर त्यानं आठवडाभर जिवापाड सांभाळलेल्या शब्दाला काय किंमत राहिली?

मग आठवलं, एक उत्तर मी स्वतःच चुकीचं दिलं होतं. ते दुरुस्त करायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

६

खानझोड्यांच्या बैठकीत सगळे जमले होते. मुकुंदराव खुर्चीत, ऋषी दाराशी, सुहासिनीबाई चहाचा ट्रे घेऊन उभ्या. अंकुश उंबऱ्याबाहेर. कुलर मीच जाऊन बंद केला.

"मुकुंदराव, तुमचा रिपोर्ट द्यायला आली आहे. पण त्याआधी मला काकूंशी बोलायचं आहे." मी त्यांच्याकडे वळले. "काकू, परवा तुम्ही मला विचारलं होतं, या क्लेममुळे कुणाचं नुकसान होतं का. मी गमतीत कंपनीचं म्हटलं. ते चूक होतं. अंकुशला ऍम्ब्युलन्सवर नोकरी लागतेय. त्यासाठी साहेबांचं पत्र हवं आहे, अपघात झाला नाही म्हणून. ते पत्र साहेबांनी थांबवलं आहे. माझा रिपोर्ट त्याऐवजी जाणार आहे, आणि त्यात अंकुशचं नाव आहे."

ट्रे टेबलावर ठेवला गेला तेव्हा कप एकमेकांवर वाजले. सुहासिनीबाई आधी अंकुशकडे वळल्या.

"तू मला हे का नाही सांगितलंस?"

अंकुशनं मान खाली घातली. त्या नवऱ्याकडे वळल्या, आणि त्यांचा आवाज कापत होता, तरी थांबला नाही.

"गाडी मी ठोकली. वाडीला गोदामाच्या खांबावर. अंकुश शेजारी बसला होता. मी गाडी शिकतेय."

मुकुंदरावांनी चष्मा काढला, जणू त्यामुळे जास्त ऐकू येणार होतं.

"आई, तू?" ऋषी म्हणाला. "मला वाटलं बाबा."

"आणि बाईंनी खांबाचं विचारल्यावर मला वाटलं तू," मुकुंदराव म्हणाले. मग बायकोकडे पाहून, दुखावल्या स्वरात, "मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर काय म्हणाला असतात?"

उत्तर घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. तुला नाही जमणार. स्कूटर घ्यायची ठरली तेव्हाही हेच, बँकेचं खातं वेगळं काढायचं ठरलं तेव्हाही हेच, हे मला नंतर ऋषीनं सांगितलं.

"तुमच्या डोळ्यांची इंजेक्शनं वर्षभर चालणार," सुहासिनीबाई म्हणाल्या. "अंकुशला मोठी नोकरी लागतेय, तो आज ना उद्या जाणारच. मग दर वेळी दवाखान्यात तुम्हाला कोण नेणार? ऋषीला सुट्टी मिळत नाही. अनोळखी माणसाच्या गाडीत तुम्ही बसत नाही. म्हणून शिकत होते. लायसन्स हातात आलं की किल्ली तुमच्यासमोर धरणार होते, बास. मध्येच हा खांब आला. मला वाटलं किरकोळ आहे, कंपनी भरेल, कुणाला झळ लागणार नाही. मी भ्याले. अंकुशचं पत्र अडलंय हे माहीत असतं तर त्याच दिवशी बोलले असते. आणि माहीत करून घेतलं नाही, हीसुद्धा माझीच चूक."

त्या रडत नव्हत्या, पण मला पदर शोधावासा वाटला. मुकुंदरावांचे डोळे लाल होते. ते आधीपासूनच लाल असल्यामुळे कुणाला काही म्हणता आलं नाही.

"शिकाऊ लायसन्स आहे ना काकू?" मी विचारलं.

त्यांनी पर्समधून कार्ड काढून दिलं.

"गाडीला पुढे-मागे एल लावलेला होता, कपटा माझ्याजवळ आहे. शेजारी पक्क्या लायसन्सचा माणूस बसला होता. मागे कोणी नव्हतं. म्हणजे मुकुंदराव, खरं लिहिलं असतं तर हा क्लेम पहिल्याच दिवशी पास झाला असता. तुम्ही अर्जात घरचा खांब आणि अंकुशचं नाव लिहिलंत, म्हणून तो अडकायच्या बेतात होता. माझा रिपोर्ट अजून गेलेला नाही. नवं निवेदन द्या, काकूंच्या सहीनं. शेजारी बसणाऱ्याची सहीही लागेल."

"आता हात काळे नाहीत मॅडम," अंकुश उंबऱ्यावरून म्हणाला.

मुकुंदराव उठले. कपाट चाचपून त्यांनी कागद काढला, खिशातलं पेन उघडलं आणि कागदाला नाक टेकेल इतकं वाकून लिहायला बसले. लिहिता लिहिता थांबले.

"अंकुश, मी खोट्या कागदावर सही करत नाही, हे तुला माहीत आहे. तू स्वतः म्हणालास, चूक तुझी. मग मी काय लिहू?"

खोटं अंकुशलाही बोलता येत नव्हतं.

"साहेब," मी म्हटलं, "चूक त्याच्या तोंडून झाली. तुम्ही लिहा, 'हातून'."

त्यांनी डोकं वर करून माझ्याकडे पाहिलं, मग अंकुशकडे, आणि मग मोठ्या अक्षरात लिहिलं की माझ्याकडे असताना अंकुश रामटेके यांच्या हातून एकही अपघात झालेला नाही. सही केली आणि कागद स्वतः उंबऱ्यापर्यंत नेऊन त्याच्या हातात दिला. अंकुशनं तो वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. मग त्यानं वाकून काकूंच्या पायांना हात लावला आणि त्यांनी त्याला मध्येच धरून सरळ उभं केलं.

दिवाळीनंतर दुरुस्त झालेली गाडी पाहायला मी पुन्हा धरमपेठेत गेले. गाडीवर आता एल नव्हता. सुहासिनीबाईंना पक्कं लायसन्स मिळालं होतं आणि त्या मुकुंदरावांना घेऊन दवाखान्यात निघाल्या होत्या. अंकुश ऍम्ब्युलन्सच्या पांढऱ्या गणवेशात त्यांना भेटायला आला होता. गाडी फाटकाशी आली तशी शेजारी बसलेले मुकुंदराव सवयीनं म्हणाले, "डावीकडे दाब."

गाडी जागच्या जागी थांबली. काच खाली झाली.

"पायानं की चाकानं, ते आधी सांगा," सुहासिनीबाई म्हणाल्या.

अंकुश फाटकापाशी जाऊन उभा राहिला. ओठ घट्ट मिटलेले, आणि नुसता हात हलवत त्यानं दाखवलं, इकडे, अजून थोडं, बस. गाडी खांबाला न लागता बाहेर पडली.